आठवणीचा फोटो निघतो का?

 

मेंदूचा तो राखाडी फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. त्यावर लाल-पिवळे ठिपके असतात आणि खाली लिहिलेलं असतं, 'आठवण इथे साठते'. रील्समध्ये येतो, क्लासेसच्या जाहिरातीत येतो, 'स्मरणशक्ती वाढवा'वाल्या ॲपमध्ये तर हमखास येतो. आज मला त्या फोटोचा इतिहास सांगायचाय. तो ठिपका नेमका कशाचा असतो, तो कुणी आणि कसा शोधला, आणि त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शोधत आपण पुण्यातल्या एका कोर्टापर्यंत जाणार आहोत, कारण तिथे हा प्रश्न कुणाच्या तरी आयुष्याचा झाला होता.

सुरुवात करण्याआधी एक छोटं काम. पुढचे शब्द एकदाच, सावकाश ऐका. लिहून घ्यायचे नाहीत.

पलंग, उशी, चादर, रात्र, घोरणं, स्वप्न, डुलकी, जांभई, गोधडी, पाळणा, अंगाई, आळस.

झालं? आता हे बाजूला ठेवा. नंतर विचारतो.

दुपारची घंटा आणि बर्तिनोचा मेंदू

आपली गोष्ट सुरू होते इटलीतल्या तुरीन शहरात, १८७० च्या दशकाच्या अखेरीस. तिथे अँजेलो मोस्सो नावाचा एक शरीरशास्त्रज्ञ होता. त्याच्याकडे बर्तिनो नावाचा एक शेतकरी यायचा. अपघातात बर्तिनोच्या कवटीचा एक तुकडा गेला होता, त्यामुळे त्या जागी त्वचेखाली मेंदूची धडधड अक्षरशः दिसायची. लहान बाळाची टाळू उडते ना, तशी.

मोस्सोनं त्या जागेवर एक यंत्र लावलं आणि धडधडीचा आलेख कागदावर उतरवायला सुरुवात केली. एके दिवशी प्रयोग चालू असताना दुपारचे बारा वाजले आणि चर्चची घंटा वाजली. आलेख एकदम उंचावला! मोस्सोनं अंदाज बांधला, की या वेळेला म्हणायची मेरीची प्रार्थना याला आठवली असणार. त्यानं तसं विचारलं, तर नुसत्या त्या प्रश्नानंही धडधड पुन्हा वाढली. मग त्यानं विचारलं, आठ गुणिले बारा किती? पुन्हा तेच.

गंमत म्हणजे हाताच्या नाडीत तसा बदल दिसत नव्हता. म्हणजे सगळ्या शरीरात रक्त उसळलं असं नाही, मेंदूकडेच जास्त गेलं. पुढे मोस्सोनं एक मोठा तराजूही बनवला. माणसाला त्यावर आडवं झोपवायचं, तराजू बरोब्बर समतोल करायचा आणि मग त्याला विचार करायला लावायचं. डोक्याकडची बाजू खाली झुकते का, ते बघायचं!

आज हसू येतं. पण आजचं कोट्यवधी रुपयांचं एफएमआरआय मशीन ज्या कल्पनेवर चालतं, ती हीच: मेंदूचा जो भाग कामाला लागतो, त्याच्याकडे रक्त जास्त जातं. १८९० मध्ये केंब्रिजच्या रॉय आणि शेरिंग्टन या दोघांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून ही कल्पना आणखी पक्की केली.

यानंतर एक दुसरी वाट फुटली, विजेची. जर्मनीत हान्स बर्गर यानं १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावर तारा लावून मेंदूच्या विद्युतलहरी टिपल्या आणि १९२९ मध्ये ते जाहीर केलं. हाच आपला ईईजी. या दोन वाटा लक्षात ठेवा: एक रक्ताची, दुसरी विजेची. पुण्याच्या गोष्टीत दुसरी वाट परत येणार आहे.

ज्याच्याकडे 'काल' नव्हता

आता थेट १९५३. अमेरिकेतलं हार्टफर्ड शहर. २७ वर्षांचा हेन्री मोलेसन. त्याला इतक्या वाईट फिट्स यायच्या, की साधी नोकरी करणंही अशक्य झालं होतं. विल्यम स्कोव्हिल या सर्जननं त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंनी, कानशिलाच्या आतल्या अंगाचा भाग काढून टाकला. त्यात हिप्पोकॅम्पस नावाच्या अवयवाचा बराचसा भाग गेला. समुद्री घोड्यासारखा वळलेला असतो म्हणून हे नाव.

फिट्स बऱ्याच कमी झाल्या. पण हेन्रीच्या नव्या आठवणी तयार होणंच थांबलं. लहानपण आठवायचं, शब्द आठवायचे, गप्पा छान मारायचा. पण तुम्ही खोलीबाहेर जाऊन पाच मिनिटांनी परत आलात, तर तुम्ही त्याच्यासाठी नवीन माणूस.

माँट्रियलहून ब्रेन्डा मिलनर ही मानसशास्त्रज्ञ त्याला तपासायला यायची. १९५७ मध्ये तिनं आणि स्कोव्हिलनं मिळून जो शोधनिबंध लिहिला, त्यानं स्मृतीचं शास्त्रच बदललं. तोपर्यंत अनेक शास्त्रज्ञ मानत होते, की आठवण मेंदूभर सारखीच पसरलेली असते. हेन्रीमुळे कळलं, की नवी आठवण घडवायला मेंदूचा एक ठरावीक भाग लागतो.

मिलनरनं आणखी एक कमाल दाखवली. तिनं हेन्रीला आरशात बघून चांदणी गिरवायला लावली. करून बघा कधीतरी, हात भलतीकडेच जातो! हेन्री तीन दिवसांत त्यात तरबेज झाला. पण दर वेळी त्याला वाटायचं, की आपण हे पहिल्यांदाच करतोय. हात शिकले होते, पण शिकल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. म्हणजे 'आठवण' ही एकच गोष्ट नाही. सायकल चालवता येणं वेगळं, आणि पहिल्यांदा सायकलवरून पडलो तो दिवस आठवणं वेगळं.

आणि आता मला सगळ्यात आवडणारा भाग. स्कोव्हिलनं लिहून ठेवलं होतं, की त्यानं सुमारे आठ सेंटिमीटर खोलवर भाग काढला. चार दशकं सगळे तेच सांगत होते. मग १९९० च्या दशकात हेन्रीच्या मेंदूचा एमआरआय झाला, आणि सुझन कॉर्किन व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये निष्कर्ष छापले: प्रत्यक्षात काढलेला भाग सुमारे पाच सेंटिमीटरचाच होता. हिप्पोकॅम्पसचा मागचा तुकडा शिल्लक होता, सुकलेला का होईना. स्मृतिशास्त्राच्या सगळ्यात प्रसिद्ध रुग्णाबद्दलची माहितीच दुरुस्त करावी लागली, आणि ती केली एका फोटोनं. २००८ मध्ये हेन्री वारला, तेव्हा कुठे जगाला त्याचं पूर्ण नाव कळलं. तोवर तो पाठ्यपुस्तकांत फक्त 'एच. एम.' होता.

रक्ताचा हिशेब

पण हा एमआरआय झाला स्थिर फोटो. इमारत दिसते, आत काय चाललंय ते दिसत नाही. चालू कामाचं चित्र हवं होतं. आधी पेट स्कॅन आला, पण त्यात किरणोत्सारी द्रव्य शरीरात सोडावं लागतं. मग १९९० मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये सेइजी ओगावा यांनी उंदरांवर काम करताना दाखवलं, की बाहेरचं काहीही सोडायची गरज नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनजवळ ऑक्सिजन असला, तर ते चुंबकीय क्षेत्रात एका तऱ्हेनं वागतं, आणि ऑक्सिजन देऊन टाकलेलं हिमोग्लोबिन वेगळ्या तऱ्हेनं. हा फरक एमआरआयमध्ये दिसतो. १९९२ मध्ये माणसांवर हे जमलं. एफएमआरआय ते हेच.

आता हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. समजा, तुमच्या सोसायटीच्या प्रत्येक विंगला पाण्याचं वेगळं मीटर आहे. मीटर बघून तुम्ही सांगू शकता, की आत्ता 'बी' विंगमध्ये जास्त पाणी वापरलं जातंय. पण तिथे कुणी कपडे धुतंय, कुणी वरण-भात लावलाय की कुणाचा नळ उघडा राहिलाय, हे मीटर सांगत नाही. एफएमआरआय असंच मीटर आहे. त्यातल्या एकेका ठिपक्यात लाखो चेतापेशी असतात. शिवाय पेशींचं काम सेकंदाच्या काही हजाराव्या भागात होतं, आणि रक्ताची लाट शिगेला पोचायला पाच-सहा सेकंद लागतात. तो लाल रंगही कॉम्प्युटरनं भरलेला असतो. दोन स्थितींतला फरक ठरावीक पातळीच्या वर गेला, की रंग भरायचा, एवढाच त्याचा अर्थ.

एवढ्या मर्यादा असूनही शास्त्रज्ञांनी काय डोकं लावलं बघा. ऑगस्ट १९९८ मध्ये 'सायन्स' नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. एका गटानं लोकांना स्कॅनरमध्ये शब्द दाखवले, दुसऱ्यानं चित्रं. नंतर बाहेर आल्यावर विचारलं, यातलं काय काय आठवतंय? मग मागे जाऊन स्कॅनचे दोन ढीग केले: पुढे लक्षात राहिलेल्या गोष्टी बघतानाचे, आणि विसरलेल्या गोष्टी बघतानाचे. फरक दिसला! जे पुढे लक्षात राहणार होतं, ते बघतानाच कपाळामागचा भाग आणि हिप्पोकॅम्पसच्या शेजारचा भाग जास्त कामाला लागला होता. आठवण घडते, त्या क्षणाची खूण पहिल्यांदा अशी पकडली गेली.

मग आठवण परत येताना काय होतं? २०००चा एक प्रयोग आहे, व्हीलर, पीटरसन आणि बकनर या तिघांचा. लोकांना काही शब्द चित्रांसोबत शिकवले, काही आवाजांसोबत. 'कुत्रा' या शब्दाबरोबर एखाद्याला कुत्र्याचं चित्र, एखाद्याला भुंकणं. नंतर स्कॅनरमध्ये फक्त शब्द दाखवला. चित्र आठवणाऱ्यांच्या मेंदूत दृष्टीच्या भागाचा थोडा हिस्सा जागा झाला, आवाज आठवणाऱ्यांच्या मेंदूत श्रवणाचा. म्हणजे आठवणं हे कपाटातून फाइल काढण्यासारखं नाहीये. मेंदू तो अनुभव, थोडक्यात का होईना, पुन्हा वठवतो.

२००८ मध्ये तर यापुढची पायरी आली. लॉस एंजेलिसमध्ये अपस्माराच्या काही रुग्णांच्या मेंदूत उपचारासाठीच बारीक तारा घातलेल्या होत्या. त्यांना छोट्या छोट्या क्लिप्स दाखवल्या. एका पेशीला 'सिम्पसन्स'ची क्लिप दिसली, की जोर यायचा. नंतर रुग्णाला सांगितलं, आठवेल ते सांगत जा. त्यानं 'सिम्पसन्स' म्हणायच्या एक-दोन सेकंद आधी तीच पेशी पुन्हा पेटली. आठवण ओठांवर यायच्या आधी मेंदूत उगवताना दिसली!

हे सगळं वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. पण अंगावर काटा आला, की माणूस एक पाऊल जास्त टाकतो. त्याला वाटतं, आठवण दिसते, म्हणजे सत्यही दिसणार.

तुमची परीक्षा

आता तुमचे शब्द. वर जाऊन बघू नका. यादीत 'गोधडी' होती का? 'सायकल' होती का? आणि 'झोप'?

'झोप' यादीत नव्हती. 'होती' असं छातीठोकपणे वाटलं असेल, तर काळजी नको, हे भल्याभल्यांचं होतं. हा खेळ शास्त्रात जुना आहे. १९५९ मध्ये डीस यांनी तो मांडला आणि १९९५ मध्ये रोडिगर आणि मॅकडरमॉट यांनी त्याला नवं आयुष्य दिलं. मेंदू शब्दांचा अर्थ धरून ठेवतो आणि आठवताना रिकामी जागा स्वतःच भरतो.

मग प्रश्न असा: 'झोप ऐकली होती' ही खोटी आठवण आणि 'गोधडी ऐकली होती' ही खरी आठवण, यांचा फोटो वेगळा येतो का? १९९६ मध्ये डॅनियल शॅक्टर यांच्या गटानं पेट स्कॅन वापरून हेच तपासलं. हिप्पोकॅम्पसच्या परिसरात दोन्ही आठवणी सारख्याच उजळल्या. श्रवणाशी संबंधित भागात थोडा फरक दिसला, पण तो अनेक जणांची सरासरी काढल्यावर.

२०१० मध्ये स्टॅनफर्डच्या जेसी रिसमन आणि सहकाऱ्यांनी याहून थेट प्रयोग केला. लोकांना २०० चेहरे दाखवले. नंतर स्कॅनरमध्ये ते २०० आणि नवे २०० मिसळून दाखवले. कॉम्प्युटरला शिकवलं, की स्कॅन बघून ओळख. 'या माणसाला चेहरा ओळखीचा *वाटतोय*' हे कॉम्प्युटर छान ओळखायचा. पण चेहरा त्यानं *खरंच* पाहिला होता का, हे सांगायची वेळ आली, की कॉम्प्युटरची गत नाणेफेकीपेक्षा फारशी बरी नव्हती. लोकांना आठवायला न सांगता फक्त 'स्त्री की पुरुष' एवढंच विचारलं, तर तेवढंही जमेना. आणि याच विद्यापीठातल्या गटानं २०१५ मध्ये दाखवलं, की लोकांना आपली आठवण लपवायला सांगितली, की कॉम्प्युटर चकतो.

हे मला या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं पान वाटतं. स्कॅनरला दिसते ती तुमची खात्री. घडलं काय होतं, ते त्याला दिसत नाही.

पुणे, २००८

आता आपल्या घराजवळ येऊ. मघाशी म्हटलं होतं, विजेची वाट परत येईल.

चंपाडी रामन मुकुंदन हे बंगळूरच्या निमहान्समध्ये काम केलेले मानसशास्त्रज्ञ. त्यांनी ईईजीवर आधारित एक चाचणी विकसित केली, तिचं संक्षिप्त नाव बीईओएस. डोक्यावर तारांची टोपी घालायची. समोरच्यानं डोळे मिटून गप्प बसायचं. मग त्याला एकेक वाक्य ऐकवायचं, तेही 'मी' धरून: मी अमुक ठिकाणी गेलो, मी अमुक वस्तू घेतली. दावा असा, की त्या माणसानं ती गोष्ट स्वतः केली असेल तर मेंदूच्या लहरींत 'अनुभवाची' खूण उमटते, आणि नुसती ऐकली असेल तर उमटत नाही. माणसानं तोंडातून एक शब्दही काढायची गरज नाही.

जून २००८ मध्ये पुण्यातल्या सत्र न्यायालयानं एका खून खटल्यात एका तरुणीला दोषी ठरवून जन्मठेप दिली. इतर पुरावे होते, पण या चाचणीचा अहवालही न्यायालयानं ग्राह्य धरला. ही बातमी जगभर गेली. परदेशातले मेंदूशास्त्रज्ञ अवाक झाले, कारण इतर संशोधकांनी स्वतंत्रपणे पडताळून पाहावं अशा रीतीनं हे तंत्र छापून आलेलंच नव्हतं.

त्याच वर्षी आपल्याकडेही निमहान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीनं सांगितलं, की या चाचणीला पुरेसा शास्त्रीय आधार नाही, तपासात आणि कोर्टात तिचा वापर थांबवा. ज्या संस्थेत मुकुंदन यांनी काम केलं होतं, त्याच संस्थेचे प्रमुख या समितीचे अध्यक्ष होते, हे मुद्दाम सांगतो.

ती तरुणी दोषी होती की नव्हती, याबद्दल मी इथे काही म्हणत नाहीये. माझा प्रश्न यंत्राचा आहे. समजा, मी निर्दोष आहे. महिनोन् महिने पोलिसांच्या, वकिलांच्या, वर्तमानपत्रांच्या तोंडून मी तीच गोष्ट ऐकतोय. रात्र रात्र मी ती डोळ्यांसमोर आणतोय, की नेमकं काय झालं असेल. मग टोपी घालून कुणी मला तेच वाक्य ऐकवलं, तर माझा मेंदू शांत राहील? बारा शब्दांत तुमच्या मेंदूनं 'झोप' घुसवली. इथे तर अख्खं आयुष्य पणाला लागलंय.

५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयानं 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य' या खटल्यात निकाल दिला. नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची अशी चाचणी माणसाच्या मनाविरुद्ध करता येणार नाही. कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, हे राज्यघटनेचं कलम २०(३), आणि व्यक्तिस्वातंत्र्याचं कलम २१, हे त्याचे आधार. संमतीनं केली, तरी चाचणीचा निकाल हा थेट पुरावा नाही. तिच्या मदतीनं पुढे एखादी वस्तू किंवा माहिती हाती लागली, तर ती मात्र चालते. तोंड बंद ठेवायचा हक्क आपल्याला होताच. या निकालानं तो हक्क कवटीच्या आतपर्यंत नेला, असं मी म्हणेन.

पण संमती ही भानगड सोपी नसते. कोठडीत बसलेल्या माणसाला 'चाचणीला नाही म्हणतोस, म्हणजे काहीतरी लपवतोयस' असं म्हटलं, की त्याची संमती कितपत संमती उरते? आणि टीव्हीवर 'आरोपीची ब्रेन मॅपिंग!' असा पट्टा सरकायला लागला, की बघणारे आपणच निकाल देऊन मोकळे होतो.

म्हणून पुढच्या वेळी तो राखाडी फोटो आणि लाल ठिपका दिसला, की दोन गोष्टी विचारा. हा फरक कशाच्या तुलनेत काढलाय? आणि हा एका माणसाचा आहे, की अनेकांची सरासरी? जाहिरातवाल्याकडे बहुतेक वेळा उत्तर नसतं.

मोस्सोचा आलेख उंचावला, तेव्हा त्यानं नुसता अंदाज बांधून सोडला नाही, त्यानं बर्तिनोला विचारलं. रक्त वाढलंय हे यंत्रानं सांगितलं, प्रार्थनेबद्दल मात्र माणसालाच विचारावं लागलं. आणि माणूस चुकीचंही आठवू शकतो, हे तर आता तुम्ही स्वतःवरच करून पाहिलंय. म्हणून घडलेलं शोधायला अजूनही पावत्या, साक्षी, तारखा, ठसे असली चिवट कामंच करावी लागतात.

'झोप' यादीत होती असं कुणाकुणाला वाटलं, ते मला जरूर कळवा. घरातल्या मंडळींवरही हा प्रयोग करून बघा, फक्त यादी मनानं सांगू नका, कागदावर लिहून घ्या. नाहीतर तुम्हीच 'झोप' वाचून दाखवाल!

भेटू पुढच्या भागात.